रक्षकांवरच घाला : एच्. आय्. व्ही. विषाणू आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

आरोग्यशास्त्राचा धडा शिकविताना एक प्रश्न आम्हांस दर वर्षी हटकून ऐकावयास मिळतो. पुस्तकात लिहिलेले असते की, रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंचा नाश करितात. त्याच पुस्तकात पुढे असेही असते की, एच्. आय्. व्ही. नामक विषाणूमुळे एड्स हा रोग होतो व त्यावर अद्याप लस नाही. तेव्हा वर्गातील कोणी तरी चौकस विद्यार्थी विचारितोच, ‘मग पांढऱ्या पेशी ह्याच विषाणूस का मारीत नाहीत?’ प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नाही. यास्तव ह्या अंकात ते सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. कापडे व आसपासच्या वाड्यावस्त्यांत असे घर विरळा, की ज्यातील कोणी ना कोणी मुंबईस चाकरीस नाही. मुंबईहून जशी मनिऑर्डर येई तशी बातमीही येते, आणि बातमीबरोबर भीतीही येते. ह्या रोगाविषयी खरे ज्ञान थोडे व कुजबूज फार, अशी आपली स्थिती आहे. कुजबुजीने रोगी बरा होत नाही; मात्र एखादे घर वाळीत पडते. म्हणून विद्यार्थ्यांनी हा लेख वाचावा, आणि शक्य तर घरी वडीलमंडळींसही वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

शरीराची फौज

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. त्वचेच्या व आतील ओलसर अस्तरांच्या लगत फांद्याफांद्यांसारखे हात पसरून बसलेल्या शाखायुक्त पेशी असतात; त्या पहारेकरी होत. परका जंतू दिसला की त्यास धरून त्या जवळच्या लसीका ग्रंथीपर्यंत नेतात व ‘हा पाहा शत्रू’ अशी वर्दी देतात. महाभक्षक पेशी जंतूंस गिळून टाकितात. बी-पेशी प्रतिपिंड नावाची प्रथिने तयार करितात. ती जंतूंस चिकटून त्यांस निकामी करितात. मारक टी-पेशी आपल्याच शरीरातील, परंतु शत्रूने आत शिरून बिघडविलेल्या, पेशी हुडकून त्यांचा नाश करितात.

ह्या सर्वांच्या मध्यभागी आहे ती साहाय्यक टी-पेशी. ती स्वतः सहसा शस्त्र धरीत नाही. ती हुकूम सोडते. शिवकालात गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे अधिकारी असत. गोलंदाज कितीही तरबेज असो, कोठारात दारू कितीही असो, वरून हुकूम सुटल्यावाचून तोफ डागली जात नसे. तद्वत् साहाय्यक टी-पेशीचा रासायनिक संदेश मिळाल्यावाचून बी-पेशी उत्तम प्रतिपिंड घडवू शकत नाहीत, मारक पेशींची संख्या पुरेशी वाढत नाही, व महाभक्षक पेशींस पुरता जोर चढत नाही. ह्या साहाय्यक पेशीच्या पृष्ठभागावर सी. डी. ४ नावाचे एक प्रथिन असते, म्हणून तिला सी. डी. ४ पेशी असेही म्हणतात. निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात अशा पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कुलूप आणि किल्ली

आता शत्रूकडे पाहू. एच्. आय्. व्ही. विषाणू इतका सूक्ष्म आहे की एका मिलिमीटर लांबीत असे आठ-दहा हजार ओळीने मांडता येतील. त्याच्यापाशी अवघी ९ जनुके आहेत. माणसापाशी सुमारे वीस हजार. त्यास स्वतः अन्न घेता येत नाही, वाढता येत नाही, की पिल्ले घालता येत नाहीत. दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरावे व तिच्याकडून आपल्या प्रती काढून घ्याव्यात, एवढेच त्याचे जीवित.

परंतु तो वाटेल त्या पेशीत शिरू शकत नाही. त्याच्या आवरणावर प्रथिनांचे काही खुंट असतात. हे खुंट सी. डी. ४ ह्या प्रथिनात नेमके बसतात, जशी किल्ली कुलुपात. एवढ्यानेही दार उघडत नाही, जवळच सी. सी. आर्. ५ अथवा सी. एक्स. सी. आर्. ४ नावाचे दुसरे प्रथिन असावे लागते. दोन्ही कुलुपे उघडली म्हणजे विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव होते व आतील ऐवज पेशीत उतरतो. अशी दोन्ही कुलुपे एकत्र कोठे असतात? मुख्यत्वे साहाय्यक टी-पेशींवर, आणि काही अंशी महाभक्षक पेशींवर. म्हणजे ज्या पेशींनी शत्रूविरुद्ध फौज उभी करावयाची, तीच पेशी ह्या शत्रूचे घर. विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळाले.

पहारेकरी पेशींचीही अशीच फसगत होते. शाखायुक्त पेशी विषाणूस पकडून नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे लसीका ग्रंथीकडे नेते. तेथे तर साहाय्यक पेशींची दाटी असते. वर्दी देण्यास गेलेला जासूदच शत्रूस पाठीवर घेऊन दरबारात पोहोचावा, तशातला हा प्रकार आहे.

दप्तरातील खोटी नोंद

उरलेले अर्धे उत्तर पेशीच्या आत आहे, आणि ते अधिक विलक्षण आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी. एन्. ए. नामक रसायनाच्या रूपाने त्या पेशीचे सारे दप्तर जपून ठेविलेले असते. ह्या दप्तरातून लागेल तेवढा उतारा आर्. एन्. ए. च्या रूपाने काढावयाचा व त्याबरहुकूम प्रथिने बनवावयाची, हा पेशीचा नित्याचा व्यवहार. दप्तरातून उतारा निघतो. उताऱ्यावरून दप्तर लिहिले जात नाही.

एच्. आय्. व्ही. हा व्यवहार उलटा करितो. त्याचा स्वतःचा मजकूर आर्. एन्. ए. च्या रूपात असतो. पेशीत शिरताच तो आपल्या एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने त्या उताऱ्यावरून डी. एन्. ए. लिहून काढितो. मग दुसरे विकर ती नवी पाने केंद्रकात नेऊन पेशीच्या मूळ दप्तरात चिकटवून देते. आमच्या पालकांपैकी ज्यांस जमिनीच्या कामी तलाठ्याच्या दप्तराशी गाठ पडली असेल, त्यांस हे चटकन कळेल. एकदा खोटी फेरफार नोंद दप्तरात शिरली की पुढे निघणारा प्रत्येक सात-बाराचा उतारा ती खोटी नोंद घेऊनच निघतो, आणि उतारा देणाऱ्या कारकुनास त्याचा पत्ताही नसतो. तशीच ही पेशी आता विषाणूचे हुकूम स्वतःचेच समजून पाळू लागते. विषाणूचे भाग तयार होतात, ते पेशीच्या कडेशी जमतात, पेशीच्याच आवरणाचा तुकडा पांघरून बाहेर पडतात, आणि तिसऱ्या विकराच्या काटछाटीने पक्व होऊन नव्या पेशी शोधू लागतात. उपचार नसल्यास एका माणसाच्या शरीरात दररोज एक हजार कोटींच्या आसपास नवे विषाणू निर्माण होऊ शकतात. ज्या पेशीत हा कारखाना चालतो ती बहुधा एक-दोन दिवसांतच मरते.

काही पेशी मात्र मरत नाहीत. पूर्वी होऊन गेलेल्या रोगांची आठवण ठेवणाऱ्या साहाय्यक पेशी वर्षानुवर्षे स्वस्थ पडून असतात. त्यांच्या दप्तरातही खोटी नोंद शिरते. पण पेशी निजलेली असल्यामुळे उतारा निघत नाही, विषाणू दिसत नाही, आणि मारक पेशींस संशय येण्याजोगे काहीच घडत नाही. बासनात बांधून ठेवलेल्या ह्या नोंदी हेच ह्या रोगावरील उपचारातील सर्वांत मोठे कोडे होय.

फौज लढते, परंतु

फौज मुळीच लढत नाही असे मात्र कोणी समजू नये. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुष्कळांस ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते. हा लढाईचा धुरळा होय. मारक टी-पेशी विषाणूग्रस्त पेशींची कत्तल करितात व रक्तातील विषाणूंची संख्या पुष्कळ खाली आणितात. बी-पेशीही प्रतिपिंड बनवितात. रक्ततपासणीत मुख्यत्वे हेच प्रतिपिंड शोधिले जातात. ते तयार होण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही, अवधी लागतो. म्हणून लागण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या तपासणीत दोष न दिसल्यास तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही.

एवढे असून अखेर विजय का मिळत नाही? कारणे तीन. पहिले असे की, उताऱ्यावरून दप्तर लिहिणारे विकर मोठे धांदरट आहे. ते लिहिताना चुका करिते व केलेली चूक तपासून पाहत नाही. त्यामुळे विषाणूचे रूप सतत पालटते. प्रतिपिंड ज्या रूपाकरिता घडविले ते रूप तोवर मागे पडलेले असते. समर्थ लस अद्याप साधली नाही याचेही हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण असे की, जाग्या झालेल्या साहाय्यक पेशीत हा विषाणू सर्वांत जोमाने वाढतो. फौज जितकी जागी व्हावी तितके विषाणूस रान मोकळे मिळते. शरीरातील लसीका पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या अस्तरात असतो. लागणीच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील सी. डी. ४ पेशींचा प्रचंड संहार होतो. आतड्याचा बांध त्यामुळे ढिला पडतो, तेथील जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, आणि फौज कायमची खवळलेली राहून थकत जाते.

तिसरे कारण सर्वांत दुःखद आहे. मरणाऱ्या साहाय्यक पेशींपैकी बहुसंख्य पेशींत विषाणूचा कारखाना सुरू झालेलाच नसतो. विषाणू आत शिरला, पण लिखाण अर्धवट राहिले, असे त्यांच्या बाबतीत घडते. ती अर्धवट पाने ओळखून पेशी स्वतःचाच स्फोट करून घेते व आसपास दाह पसरविते. सन २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ही क्रिया उलगडून दाखविली. दाहाच्या ठिकाणी नव्या साहाय्यक पेशी धावून येतात आणि त्याही बळी पडतात.

येणेप्रमाणे उपचार न मिळाल्यास साधारण आठ-दहा वर्षे माणूस बाहेरून धडधाकट दिसतो व आत सी. डी. ४ पेशींचा आकडा उतरत जातो. तो २०० च्या खाली गेला म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. मग एरवी दबून राहणारे जंतू डोके वर काढितात: तोंडात बुरशी येते, विशिष्ट न्यूमोनिया होतो, मेंदूच्या आवरणास सूज येते, आणि आपल्या देशात सर्वांत अधिक करून क्षय जडतो. एच्. आय्. व्ही. माणसास थेट मारीत नाही. तो गडाचा हवालदार मारून दरवाजा उघडा टाकितो.

शोधाची हकीकत

हा रोग प्रथम सन १९८१ मध्ये अमेरिकेत ध्यानात आला. सन १९८३ मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँतानिये यांच्या चमूने विषाणू शोधून काढिला. त्याबद्दल उभयतांस सन २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतातील पहिला शोध एका मराठी घराण्यातील कन्येच्या देखरेखीखाली लागला, हे आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य लक्षात ठेवावे. मद्रास, म्हणजे आताचे चेन्नई, येथे स्थायिक झालेल्या गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन तेथील वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. ‘हा रोग परदेशचा, आपल्याकडे तो कोठून येणार?’ असे सर्वत्र म्हटले जात असता त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला रक्ताचे नमुने तपासण्यास सांगितले. साधने तुटपुंजी होती. नमुने निर्मलाबाईंनी घरच्या शीतकपाटात ठेविले. सन १९८६ च्या आरंभी ते वेल्लूर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, आणि सहा नमुन्यांत लागण आढळली. डॉ. सॉलोमन यांनी पुढे, सन १९९३ मध्ये, पित्याच्या नावाने रोग्यांकरिता संस्था काढिली व २०१५ साली निधन होईपर्यंत त्यांचीच सेवा केली. सन २०१७ मध्ये त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

महाराष्ट्रातही ह्या कार्यास सन १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन होऊन जोर आला; पुढे त्या संस्थेचे नाव बदलले असले तरी काम चालू आहे. सन २००५ मध्ये भारतातील पहिली एच्. आय्. व्ही. लस-चाचणी ह्याच संस्थेत झाली. ती लस पुरेशी प्रभावी ठरली नाही. परंतु ज्या निरोगी स्वयंसेवकांनी त्याकरिता आपला दंड पुढे केला, त्यांचे ऋण मानावयास हवे.

औषधे काय करितात

आता आशेची गोष्ट सांगतो. विषाणूची विकरे एकदा ओळखल्यावर त्यांस अडविणारी औषधे सापडली. एकच औषध दिल्यास धांदरट लिखाणातून त्यास दाद न देणारे रूप लवकरच निपजते. परंतु तीन औषधे एकाच वेळी दिली तर तिन्हींस चुकविणारे रूप निघणे फारच दुर्घट. सन १९९६ पासून ह्या संयुक्त उपचारामुळे रोगाचे पारडे फिरले. औषधे प्रारंभी भयंकर महाग होती, एका रोग्यास वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक. सन २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला सुमारे ३५० डॉलरांत देऊ केली, व गरीब देशांतील असंख्य रोग्यांचा मार्ग मोकळा झाला. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ती विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि सन २०१७ पासून सी. डी. ४ चा आकडा काहीही असो, लागण झालेल्या प्रत्येकास उपचार देण्याचे धोरण ठरले.

रोज एक गोळी नेमाने घेतल्यास नवे लिखाण थांबते, नवी नोंद होत नाही, आणि सी. डी. ४ पेशींची संख्या पुन्हा चढू लागते. वेळीच उपचार सुरू झालेला माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो. रक्तात विषाणू आढळेनासा झाला व तसाच राहिला, तर त्याच्यापासून पतीस अथवा पत्नीस शरीरसंबंधातून लागण होत नाही. उपचार नसेल तर आईपासून बाळास लागण होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. योग्य उपचाराने ते ५ च्याही खाली येते. मात्र बासनातील नोंदी औषधांनी पुसल्या जात नाहीत. गोळी सोडली की निजलेली पेशी जागी होते व काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. म्हणून औषध जन्मभर, आणि एकही दिवस न चुकविता घ्यावयाचे.

आपले कर्तव्य

शास्त्र येथवर आले. आता त्यावरून वागावे कसे, ते पाहू. हा विषाणू शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून व सुईतून, आणि आईपासून बाळास, एवढ्याच वाटांनी जातो. सुई टोचण्यासारखा अपघात घडल्यास ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठावे. त्या अवधीत औषध सुरू केल्यास लागण बहुधा टळते. डासाच्या शरीरात सी. डी. ४ चे कुलूप असलेल्या पेशीच नसतात, तेव्हा विषाणू तेथे वाढत नाही. शिवाय चावताना डास आपली लाळ सोडतो, आधी प्यालेले रक्त नव्हे. हात हातात घेतल्याने, एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातले पाणी प्याल्याने लागण होत नाही.

पाण्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या शेजारच्या महाडास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून जगास दाखवून दिले की, माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. त्याच सावित्रीच्या खोऱ्यात आज कोणी रोग्याच्या मुलास पाण्याचे वेगळे भांडे देईल, तर तो तो धडा विसरला असे म्हणावे लागेल. शुभवर्तमानांत प्रभू येशूने कुष्ठरोग्यास बरे करण्यापूर्वी हात पुढे करून स्पर्श केला, असे वर्णन आहे. शब्दानेच तो बरा झाला नसता असे नाही. परंतु वर्षानुवर्षे ज्यास कोणी शिवले नाही, त्यास स्पर्शाचीही गरज होती.

आता तर कायद्यानेही हे सांगितले आहे. सन २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. लागण झाली एवढ्यावरून कोणास शाळेत, नोकरीत वा रुग्णालयात दूर सारणे त्याने निषिद्ध केले आहे. संमतीवाचून तपासणी करणे किंवा रोग्याचे नाव फोडणे हेही त्याने वर्ज्य ठरविले आहे. सरकारी तपासणी विनामूल्य असते व ती गुप्त ठेविली जाते. १०९७ ह्या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. सन २०२३ च्या अंदाजानुसार देशात ह्या विषाणूसह जगणारी सुमारे २५ लाख माणसे आहेत, आणि त्यांत सर्वांत अधिक महाराष्ट्रात आहेत. तेव्हा ‘हे आपल्याकडे नाही’ असे कोणीही म्हणू नये. तपासणीस जाण्याची लाज वाटून जो घरी बसतो त्याच्या पेशींचा आकडा गुपचूप उतरत असतो. आणि ती लाज त्याच्या मनात घालणारे आपणच असतो.

विद्यार्थ्यांच्या मननाकरिता शेवटी काही प्रश्न देतो. त्यांची उत्तरे पाठ न करिता स्वतःच्या शब्दांत लिहावी.

१. साहाय्यक टी-पेशी स्वतः लढत नसता तिच्या नाशाने सारी फौज का लुळी पडते?

२. खोट्या फेरफार नोंदीचे उदाहरण एच्. आय्. व्ही. स कसे लागू पडते, व कोठे लागू पडत नाही?

३. एकाऐवजी तीन औषधे एकत्र का देतात? गोळी चुकविण्यात धोका कोणता?

४. तुमच्या वर्गात अशी लागण असलेला मुलगा आहे असे समजा. त्याच्या शेजारी बसण्यास हरकत का नाही, ते पेशींच्या रचनेवरून सिद्ध करा. मग त्याच्या शेजारी कोण बसेल, ते आपल्या मनाशी ठरवा.